सरावात इव्हान्स गँबिट धडाधड जिंकतो, ऑनलाइन टूर्नामेंटमध्ये मात्र बाराव्या चालीला हवा जाते: असं का होतं आणि काय करायचं

प्रॉब्लेम साधारण असा असतो. बुद्धिबळातला इव्हान्स गँबिट (गँबिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं वगैरे देऊन बदल्यात अटॅक मिळवायचा) शिकलाय, व्हिडिओ बघून झालेत, मित्रांबरोबर आणि रँडम ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, वीस चालीत मात देऊन झालीये, आणि मग टीम लीग किंवा वीकेंडची ऑनलाइन टूर्नामेंट आली की बाराव्या चालीला बघावं तर वजीर पटावरून गेलेत, किंवा एक प्यादं खाली आहे आणि अटॅक कुठेच नाही. पुढच्या टूर्नामेंटला परत तेच. मग लोक काय करतात तर गँबिटच बदलतात, इव्हान्स सोडून किंग्ज गँबिट, तिथून डॅनिश, तिथून व्हिएन्ना, आणि दोन महिन्यांनी त्या नव्या गँबिटमध्येही अगदी हेच व्हायला लागतं.

गँबिट बदलून हे जात नाही कारण गडबड गँबिटमध्ये नाहीये. आपली सगळी तयारी एका ठराविक प्रतिस्पर्ध्यासाठी झालेली असते, जो दिलेलं सगळं खातो, खाल्लेलं धरून बसतो आणि राजा मध्येच ठेवतो. सरावात असे भरपूर भेटतात. टूर्नामेंटमध्ये जरा विचार करून खेळणारे भेटतात आणि ते दोनच गोष्टी करतात, एकतर प्यादं घेतच नाहीत नाहीतर घेऊन योग्य वेळी परत देतात, आणि तिथे आपल्या वहीत काहीच लिहिलेलं नसतं. खाली जे सांगतोय ते इव्हान्सवर आहे कारण तो मला मनापासून आवडतो, पण रोग सगळ्या गँबिटना सारखाच आहे.

आधी चाली, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल (× म्हणजे मारणं, आकड्यानंतर तीन टिंबं म्हणजे ती काळ्याची चाल). १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ ४. बी४. हा इव्हान्स. वेल्सचे एक जहाजाचे कॅप्टन विल्यम डेव्हिस इव्हान्स यांनी १८२० च्या दशकात काढलेला, म्हणजे दोनशे वर्षं जुना. पुढे १८५२ मध्ये बर्लिनला अँडरसन आणि ड्युफ्रेन यांच्यात झालेला प्रसिद्ध ‘एव्हरग्रीन’ डाव याच ओपनिंगचा. कल्पना सरळ आहे, बी४ चं प्यादं द्यायचं, काळ्याच्या उंटाने मारलं की ५. सी३ करून त्याला हलवायला लावायचं, त्या एका फुकटच्या चालीत डी४ ढकलायचं, आणि बी प्यादं गेल्यामुळे आपला काळ्या घरांवरचा उंट ए३ वर येऊन एफ८ पर्यंत मारा करतो म्हणजे काळ्याला कॅसलिंग (राजा हत्तीच्या बाजूला सरकवून सुरक्षित करणं) अवघड. तुम्ही प्यादं देऊन वेळ आणि ती तिरकी रेघ विकत घेतलीये, मात नाही. हे डोक्यात पक्कं असेल तर पुढचं अर्धं काम होतं.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे आपले स्वतःचे डाव बघणं, आणि हे जवळजवळ कोणीच करत नाही. लीचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर ओपनिंग एक्सप्लोररमध्ये, म्हणजे कुठली चाल किती वेळा खेळली गेली ते दाखवणाऱ्या भागात, खेळाडूचं नाव टाकायची सोय आहे, तिथे स्वतःचं यूजरनेम टाका, पांढरे निवडा आणि ई४ पासून एकेक चाल पुढे जा. लगेच दिसेल की इव्हान्स यायला समोरच्याने किती वेळा हो म्हणावं लागतं. आधी त्याने ई५ खेळायला पाहिजे, म्हणजे सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान हे दुसरे बचाव सगळे गेले. मग घोडा सी६, म्हणजे पेट्रॉफ आणि फिलिडोर गेले. मग उंट सी५, आणि इथे बरेच जण घोडा एफ६ खेळतात म्हणजे टू नाइट्स झाला आणि बी४ ला काही अर्थच उरला नाही. हे सगळं गाळून खरोखर बी४ पर्यंत पोचलेले डाव शंभरात किती ते बघा. तो आकडा बहुतेकांना धक्का देतो, आणि मग कळतं की सगळी मेहनत कुठल्यातरी अकराव्या चालीच्या क्वीन सॅक्रिफाइसवर घालवली पण ३... घोडा एफ६ ला काय खेळायचं हे ठरवलेलंच नाही. तर ते आधी ठरवा. त्याच मूडचं काही हवं असेल तर ४. डी४ ई×डी४ ५. कॅसलिंग घ्या, पण ५... घोडा×ई४ ६. हत्ती ई१ डी५ ७. उंट×डी५ वजीर×डी५ ८. घोडा सी३ इथपर्यंत पाठच पाहिजे, आणि काळा नीट खेळला तर तिथे त्याला काही त्रास नाही हेही मान्य करून बसा.

आता बी४ आला आणि समोरच्याने प्यादं घेतलंच नाही, ४... उंट बी६ करून मागे गेला. इथे आपल्या बाजूचा माणूस चिडतो, आपण काहीतरी द्यायला निघालो आणि समोरच्याने दार लावलं, आणि त्या चिडीत तो ५. बी५ घोडा ए५ ६. घोडा×ई५ करून प्यादं खातो. करू नका हे. त्यानंतरचा गुंता काळ्यालाच जास्त मानवतो, एकतर ६... घोडा एच६ नाहीतर ६... वजीर जी५, आणि तो हे घरी बघून आलेला असतो. शांतपणे ५. ए४ करा, आता ए५ येणार म्हणून तो बहुतेक ए६ करतो, मग ६. घोडा सी३ घोडा एफ६ ७. घोडा डी५. हा घोडा बी६ च्या उंटाकडेही बघतोय आणि एफ६ कडेही. समजा त्याने ७... घोडा×ई४ घेतलं तर ८. कॅसलिंग, त्याचं कॅसलिंग, ९. डी३ घोडा एफ६ १०. उंट जी५, आणि आता एफ६ चा घोडा बांधला गेलाय, तुमचा दुसरा घोडा डी२ वरून ई४ ला येऊन त्याच घोड्यावर आणखी जोर लावू शकतो. म्हणजे तुमचा गँबिट झालाच की, फक्त दोन-तीन चाली उशिरा आणि वेगळ्या प्याद्याने.

इथून पुढे खरा आजार. बाराव्या चालीला वजीर गेलेले असतात ते कशामुळे, तर लास्करच्या बचावामुळे. एमानुएल लास्कर, वर्ल्ड चॅम्पियन, त्याच्या या सोप्या पद्धतीनंतर मोठ्या खेळाडूंमध्ये इव्हान्सची क्रेझ बरीच ओसरली, आणि आज ऑनलाइन कुठल्याही बऱ्या खेळाडूला निदान ऐकून तरी ती माहिती असते. ४... उंट×बी४ ५. सी३ नंतर ५... उंट ए५ ६. डी४ डी६ ७. कॅसलिंग उंट बी६. बघा त्याने काय केलं, उंट स्वतःहून मागे नेला आणि तुम्हाला म्हणाला घे तुझं प्यादं. ८. डी×ई५ डी×ई५ ९. वजीर×डी८ घोडा×डी८ १०. घोडा×ई५ उंट ई६. मोजा आता, दोघांची सहा-सहा प्यादी. पण तुमची तीन तुकड्यांत आहेत, ए वरचं एकटं, सी वरचं एकटं, बाकी चार राजाकडे, आणि काळ्याची नीट तीन-तीनच्या दोन गटांत. अटॅक संपला, वजीर नाहीत, आणि पुढचे चाळीस चाली तुम्ही ए आणि सी ची राखण करत बसणार. इंजिन (पोझिशन मोजणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) हे साधारण बरोबरीच्या जवळच दाखवेल, पण ज्याला मात करायची होती तो माणूस इथे कंटाळून चुकतो आणि समोरचा अगदी खूश असतो कारण त्याला हेच पाहिजे होतं.

यावर उपाय सातव्या चालीत आहे. कॅसलिंगची घाई सोडा आणि ७. वजीर बी३ खेळा. एकतर वजीर डी१ वरून हलला म्हणजे डी फाइल (डी ची उभी रांग) उघडल्यावर वजिरांची अदलाबदल आपोआप होत नाही, लास्करचा सगळा प्लॅन त्याच अदलाबदलीवर उभा होता. दुसरं म्हणजे एफ७ वर उंट आणि वजीर दोघांचा मारा, म्हणून काळ्याला बहुतेक ७... वजीर डी७ करावं लागतं आणि तो वजीर त्याच्याच सी८ च्या उंटाच्या वाटेत उभा राहतो. ८. डी×ई५, आता त्याने ८... डी×ई५ केलं तर ९. कॅसलिंग उंट बी६ १०. हत्ती डी१ वजीर ई७ ११. ए४. प्यादं खालीच आहे, पण डी फाइल तुमची, ए५ ची धमकी तुमची, आणि राजा अजून त्याचा मध्ये. हे खेळायला मजा आहे आणि हे तुमच्या स्वभावाचं आहे. जरा जास्त जाणकार असेल तर तो आठव्या चालीला प्यादं न मारता ८... उंट बी६ करेल. तिथे हात शिवशिवतात ९. ई×डी६ करायला, तो मोह टाळा, कारण लगेच घोडा ए५, तुमचा वजीर हलणार आणि सी४ चा उंट जाणार, त्यानंतर त्याचा वजीर डी६ वर येऊन प्यादं पण परत घेतो, म्हणजे प्यादी समान पण दोन्ही उंट त्याच्याकडे. त्याऐवजी ९. घोडा बी-डी२, म्हणजे सी४ वर मारामारी झालीच तर तिथे आपला घोडा येऊन बसतो. एवढीच लाइन नीट केलीत तरी टूर्नामेंटमधले बरेच डाव वाचतील असं मला वाटतं.

दुसरा मोठा अडथळा ५... उंट ई७. हा दिसायला भित्रा, पण भरवशाचा. ६. डी४ घोडा ए५, तुमच्या उंटावर मारा. इथे ७. घोडा×ई५ केलं की प्यादं परत आलं म्हणून बरं वाटतं, पण ७... घोडा×सी४ ८. घोडा×सी४ डी५ आणि काळ्याचे दोन्ही उंट जिवंत, मध्यभाग मोकळा, तुमचा जोर संपला. १९९५ मध्ये रीगाला ताल मेमोरियलमध्ये कास्पारोव्हने आपल्या विश्वनाथन आनंदविरुद्ध इथेच ७. उंट ई२ खेळला होता. ७... ई×डी४ ८. वजीर×डी४ घोडा एफ६ ९. ई५ घोडा सी६ १०. वजीर एच४ घोडा डी५ ११. वजीर जी३. हा डाव पटावर मांडून बघाच, आणि बघताना शेवटची मारामारी नका बघू, बारा ते अठरा या चाली बघा. ११... जी६ नंतर कास्पारोव्ह कॅसलिंग करतो, मग सी४, मग हत्ती डी१, मग उंट एच६. एकही शह नाही. इतकंच काय, पंधराव्या चालीला आनंद ई५ चं प्यादंही खातो, म्हणजे कास्पारोव्ह दोन प्यादी खाली, आणि तो काय करतो तर घोड्यांची मारामारी झाल्यावर शांतपणे दुसरा घोडा सी३ वर आणतो. एच६ चा उंट एफ८ वर नजर ठेवून आहे म्हणून काळ्याला त्या बाजूला कॅसलिंग नाही, आणि तेवढं पुरेसं आहे त्याला. मग सी५ ढकलून फाइली उघडतो आणि २५ व्या चालीला आनंद डाव सोडतो, राजा एफ७ वर, कॅसलिंग शेवटपर्यंत झालंच नाही. जगातल्या सगळ्यात भक्कम खेळाडूंपैकी एकाला हे झालंय. आपण काय करतो तर प्यादं दिल्यावर दोन-तीन चालीत काही मिळालं नाही की घाबरतो, वजीर एकटाच पुढे नेतो, नाहीतर प्यादं परत मिळवण्यासाठी आपलेच चांगले बसलेले मोहरे बदलून टाकतो. म्हणून तुमचे हरलेले डाव काढा आणि फक्त एवढंच शोधा की आठ ते पंधरा या चालींत किती वेळा तोच मोहरा दोनदा-तीनदा हलवला आणि ए१ चा हत्ती कधी बाहेर आला. बहुतेक डावांत तो बाहेर आलेलाच नसतो.

आता ज्यांना इंजिनवर तयारी केलेले लोक भेटतात त्यांच्यासाठी. ५... उंट ए५ ६. डी४ ई×डी४ ७. कॅसलिंग, इथे डी×सी३ खाणाऱ्यांसाठी तुमची तयारी असणारच, वजीर बी३, ई५ वगैरे, तो सगळ्या व्हिडिओत असतो. पण तयार माणूस ७... घोडा जी-ई७ करतो आणि ८. सी×डी४ नंतर लगेच डी५ मारून मध्यभाग फोडतो, ९. ई×डी५ घोडा×डी५. इथे १०. उंट ए३, म्हणजे कॅसलिंग अडवलं, आणि १०... उंट ई६ नंतर ११. उंट बी५. आता सी६ वर मारून वजीर ए४ आणायची धमकी आहे, कारण तिथून शहाबरोबर सी६ चं प्यादं आणि ए५ चा उंट दोन्हीवर डोळा. काळा ११... उंट बी४ करून वाचतो, मग सी६ वर मारा, बी४ वर मारा आणि १४. वजीर ए४. एक प्यादं खाली, पण त्याची सी फाइलवर दोन प्यादी एकावर एक आणि बी४ चा घोडा लोंबकळतोय. फार काही जिंकलेलं नाहीये तुम्ही, खेळण्यासारखं आहे इतकंच, आणि तेवढ्यासाठी आधीच मनाची तयारी असली की चौदाव्या चालीला चेहरा पडत नाही.

बाकी छोट्या गोष्टी पटकन. कोणी ४... घोडा×बी४ असं घोड्याने घेतलं तर वेगळं काही पाठ करू नका, ५. सी३ घोडा सी६ ६. डी४ म्हणजे ५... उंट सी५ चीच पोझिशन झाली, तीच तयारी चालते. ४... डी५ हा उलटा दणका कधीतरी येतो, ५. ई×डी५ घोडा×बी४ ६. कॅसलिंग आणि पुढे चला.

तयारी कशी करायची याबद्दल माझं ठाम मत आहे की व्हिडिओ बघणं म्हणजे तयारी नाही. लीचेसवर स्टडी, म्हणजे चाली साठवायची ऑनलाइन वही, बनवा, प्रत्येक फाट्याला एक चॅप्टर, आणि चॅप्टरचा क्रम तुमच्या एक्सप्लोररमधल्या आकड्यांप्रमाणे लावा, तुम्हाला कुठली लाइन सुंदर वाटते त्याप्रमाणे नाही. प्रत्येक चॅप्टरच्या शेवटी चाल न लिहिता आपल्या साध्या मराठीत दोन वाक्यं लिहा की इथे मला काय हवंय, कुठला मोहरा कुठे, कुठली अदलाबदल टाळायची. लाइन विसरलात तरी ती दोन वाक्यं आठवतात. मग त्या शेवटच्या पोझिशनपासून पुढे खेळण्याची सोय आहे ती वापरून मित्राबरोबर खेळा, आणि काळ्याकडूनही खेळा, कारण काळ्याकडून बसल्याशिवाय समोरच्याला कशाची भीती वाटते ते कळतच नाही. लास्करचा तो वजीर नसलेला एंडगेमसुद्धा पांढऱ्याकडून खेळून ठेवा, कधी सातव्या चालीला हात आपोआप कॅसलिंगकडे गेलाच तर तिथून निदान ड्रॉ तरी सांभाळता आला पाहिजे. इंजिन शेवटी लावा, आणि ते शून्याच्या आसपास किंवा जरासं काळ्याच्या बाजूने दाखवत असेल तर लाइन फेकून देऊ नका, तीन मिनिटांच्या डावात राजा मध्ये अडकलेल्या माणसाला तो पाव प्याद्याचा फायदा अजिबात जाणवत नसतो. मात्र एकदम दीड-दोन प्याद्यांचा फरक पडत असेल तर ती ट्रिक आहे, गँबिट नाही, ती टूर्नामेंटला नेऊ नका.

घड्याळ हा वेगळाच विषय आहे पण हरण्याचं कारण बऱ्याचदा तेच. गँबिटमध्ये बाराव्या चालीनंतर विचार लागतो आणि लोक तो वेळ चौथ्या ते आठव्या चालीत घालवून बसलेले असतात. डाव झाल्यावर लीचेसच्या विश्लेषणात प्रत्येक चालीला किती वेळ लागला त्याचा आलेख येतो, तो उघडा, आणि पहिल्या दहा चालीत कुठे उंच खांब दिसतोय ते बघा, तोच तुमच्या तयारीतला खड्डा, त्या चालीचा चॅप्टर परत करा. ३+२ मध्ये (तीन मिनिटं आणि प्रत्येक चालीला दोन सेकंद जादा, त्या जादा सेकंदांना इन्क्रिमेंट म्हणतात) माझ्या मते पहिल्या दहा चाली अर्ध्या मिनिटाच्या आत झाल्या पाहिजेत, तेव्हाच वजीर बी३ नंतर डोकं चालवायला वेळ उरतो.

फॉरमॅटप्रमाणेही थोडं बदला. अरीनामध्ये (ठरलेल्या वेळात जमतील तितके डाव खेळायची टूर्नामेंट) सलग दोन विजयांनंतर पुढचे पॉइंट दुप्पट होतात, त्यामुळे तिथे गँबिट चांगलाच कामी येतो, डाव लवकर संपतात आणि पुढचा लगेच मिळतो. पण बर्सर्क मात्र इव्हान्सबरोबर करू नका, जिंकल्यावर एक जादा पॉइंट मिळतो खरा पण अर्धं घड्याळ जातं आणि इन्क्रिमेंटही जातं, आणि आपल्याला तर नेमका मधल्या खेळात वेळ हवाय. लीगमध्ये जोडी आधी कळते, समोरचा तुमचे डाव उघडून बघणारच, म्हणून प्रत्येक वेळी तोच सहावा-सातवा मूव्ह नको, ५... उंट ए५ विरुद्ध एक दुसरी वाटही जवळ ठेवा, किंवा एखाद्या राउंडला सरळ ४. सी३ करून शांत इटालियन खेळा, तो बिचारा रात्रभर लास्कर पाठ करून आलेला असतो. तुम्हीही त्याचे डाव बघा, तो ३... उंट सी५ खेळतो का घोडा एफ६ एवढं कळलं तरी त्या संध्याकाळी काय उजळायचं ते ठरतं. आणि डाव सुरू झाला की स्टडीचा टॅब बंद, एक्सप्लोररही बंद. लाइव्ह डावात इंजिन तर नाहीच, पण ओपनिंगचा डेटाबेस बघणंही फेअर प्लेच्या नियमाविरुद्ध आहे, बऱ्याच मुलांना हे माहीतच नसतं आणि अकाउंट बंद झाल्यावर कळतं.